धूळ आणि ऊन : धाराशिव जिल्ह्यातील सौर पॅनेलांची निगा

ऊन ही निसर्गाने धाराशिव जिल्ह्याला हात राखून न दिलेली अशी एकमेव देणगी होय. पाण्याच्या बाबतीत या जिल्ह्याचा हात नेहमीच आखडता राहिला आहे. बालाघाटच्या डोंगररांगा, त्यांच्या दोन्ही अंगांना पसरलेली काळी व मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि वर्षातील आठ महिने कोरडे आकाश, अशी येथील स्थिती आहे. मात्र ज्या निरभ्र आकाशाकडे शेतकरी आजवर चिंतेने पाहत आला, तेच आकाश आता विजेच्या निर्मितीसाठी उपयोगी पडू लागले आहे. मराठवाड्याच्या या भागात एका चौरस मीटर जागेवर वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे 5 ते साडेपाच किलोवॉट-तास इतकी सौर ऊर्जा पडते. विहिरीवरील पंप, शाळेचे छत, ग्रामपंचायतीचे पथदिवे आणि गावाबाहेरील माळरान या चारही ठिकाणी ही ऊर्जा साठविण्याचे व वापरण्याचे प्रयत्न आज दिसतात.

राज्यात या प्रयत्नांना गेल्या काही वर्षांत वेग आला आहे. अपारंपरिक ऊर्जेच्या प्रसारासाठी महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाची, म्हणजेच महाऊर्जाची, स्थापना 1985 मध्ये झाली. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये उभा राहिला. शेतीला दिवसा वीज मिळावी, या हेतूने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली व 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. केंद्राची कुसुम योजना 2019 ची. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना 2024 ची. या शेवटच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के, तर अनुसूचित जाती व जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के रक्कम भरावयाची असते. घरांच्या छतांसाठीची पीएम सूर्यघर योजनाही 2024 मध्येच सुरू झाली.

पॅनेल बसविणे हे या साऱ्या कामाचे पहिले पाऊल होय. पॅनेलचे आयुष्य साधारणतः पंचवीस वर्षांचे धरले जाते आणि ही पंचवीस वर्षे ते उघड्यावर, ऊन-वारा-धूळ सोशीत काढावयाची असतात. यंत्रात कोठेही फिरणारा भाग नाही, तेल-पाणी नाही, इंधन नाही. त्यामुळे ‘एकदा बसविले की काळजी मिटली’ असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. हा समज बहुतांशी खरा असला तरी त्यात एक उणीव आहे, आणि ती म्हणजे धूळ.

धूळ काय करते?

सौर पॅनेलची रचना समजावून घेतल्यास धुळीचे कार्य सहज ध्यानात येते. गावोगावी ज्यांना ‘सोलरच्या प्लेटा’ म्हणतात, त्यांत वरच्या बाजूस कडक काच असते व तिच्याखाली सिलिकॉनचे अनेक सौरघट मांडलेले असतात. काचेतून आत आलेला प्रकाश सौरघटावर पडला की विजेचा प्रवाह निर्माण होतो. प्रकाश जितका अधिक, तितका प्रवाह अधिक; हे प्रमाण जवळजवळ सरळ आहे. काचेवर धूळ बसली की येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग कण शोषून घेतात, तर काही भाग ते इतस्ततः विखुरतात. उरलेला प्रकाशच घटापर्यंत पोचतो. दहा टक्के प्रकाश अडला तर वीजही जवळजवळ तितकीच घटते.

येथे कणाच्या आकाराला महत्त्व आहे. वजन तेवढेच असताना जाड वाळूपेक्षा पिठासारखी बारीक धूळ अधिक प्रकाश अडविते, कारण बारीक कण काचेचा अधिक पृष्ठभाग झाकतात. शिवाय जाड कण उतारावरून घसरतात किंवा वाऱ्याने उडून जातात. बारीक कण मात्र काचेला बिलगून राहतात. धुराची काजळी तर यापुढची पायरी होय. ती मातीच्या धुळीपेक्षा वजनाने किरकोळ असते, परंतु काळी असल्यामुळे प्रकाश विखुरण्याऐवजी गिळून टाकते.

गुजरातेत गांधीनगर येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्था आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही गोष्ट स्पष्टपणे पुढे आली. काही आठवडे न पुसलेली पॅनेले स्वच्छ करताच त्यांच्या वीजनिर्मितीत सुमारे 50 टक्के वाढ झाल्याचे त्यांना आढळले. काचेवरील थरात वजनाने 92 टक्के साधी धूळ होती आणि उरलेला अल्प भाग मानवी व्यवहारांतून निर्माण झालेल्या कार्बन व क्षारांच्या कणांचा होता. हा अल्प भागच, त्याच्या वजनाच्या मानाने पाहता, प्रकाश अडविण्यात अधिक प्रभावी ठरत होता.

याच्या उलट, या विषयावरील अगदी आरंभीचा अभ्यास अमेरिकेत बोस्टन परिसरात झाला व तो 1942 मध्ये प्रसिद्ध झाला. हॉटेल व वर्ट्झ या दोघा शास्त्रज्ञांना सौर उष्णतासंग्राहकांच्या काचेवरील मळामुळे होणारी घट सरासरी एका टक्क्याच्या आसपास व जास्तीत जास्त पाच टक्क्यांच्या आत आढळली होती. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी बरोबरच आहेत. बोस्टनला वर्षभर अधूनमधून पाऊस वा हिमवर्षाव होतो. गांधीनगरला महिनोन्महिने पावसाचा थेंब पडत नाही. यावरून असे दिसते की, धुळीने होणाऱ्या तुटीचा एकच आकडा सर्वत्र लावता येत नाही. ती तूट गावाच्या हवेवर, मातीवर आणि ऋतूवर अवलंबून असते. सर्व जगाचा एकत्र विचार करून 2019 मध्ये मांडण्यात आलेल्या एका अंदाजानुसार, 2018 या वर्षी धुळीमुळे जगातील सौर वीजनिर्मितीत किमान 3 ते 4 टक्के घट झाली व तिचे मोल 3 ते 5 अब्ज युरो इतके होते.

पृथ्वीबाहेरील एक उदाहरणही येथे बोधप्रद ठरावे. मंगळावर 2004 मध्ये उतरलेल्या ‘स्पिरिट’ व ‘ऑपॉर्च्युनिटी’ या दोन गाड्यांकडून नव्वद दिवसांच्या कामाची अपेक्षा होती. परंतु तेथील वाऱ्याने त्यांच्या पॅनेलांवरील धूळ वेळोवेळी उडवून लावल्यामुळे त्या कित्येक वर्षे चालल्या. 2018 मध्ये उतरलेल्या ‘इनसाइट’ या यानाला मात्र वाऱ्याची अशी साथ मिळाली नाही. पॅनेलांवर धुळीचा थर साचत गेला, वीज कमी होत गेली आणि डिसेंबर 2022 मध्ये यानाचे काम संपले. तेथे पुसायला कोणी नव्हते. आपल्याकडे ती सोय आहे, हाच काय तो फरक.

जिल्ह्याचे धुळीचे पंचांग

धाराशिव जिल्ह्यातील धूळ ही वर्षभर एकसारखी नसते. तिचेही एक पंचांग आहे व ते शेतीच्या कामांशी जोडलेले आहे.

जून ते सप्टेंबर हे चार महिने पाऊसच पॅनेले धुऊन काढतो. चांगली जोरदार सर आली की काच लख्ख होते. परंतु पावसाची भिस्त धरताना एक गोष्ट विसरता कामा नये. बारीक भुरभुर किंवा चार थेंबांचा शिडकावा धूळ धुऊन नेत नाही. उलट तिचा चिखल करून ठिपक्या-ठिपक्यांनी काचेवर वाळवून ठेवतो. उन्हाळ्यातील वळवाच्या पहिल्या हलक्या सरीनंतर पॅनेले पूर्वीपेक्षा अधिक मळकट दिसतात, ते यामुळेच. पावसाळ्यात दीर्घ खंड पडला तर त्या दिवसांतही पुसण्याची गरज भासते.

ऑक्टोबर उजाडला की सोयाबीनची काढणी व मळणी सुरू होते. मळणीयंत्रातून उडणारा भुसा आणि बारीक तूस वाऱ्यासरशी दूरवर जाऊन बसते. शेतातील सौर पंपाची पॅनेले बहुधा विहिरीजवळच असतात, आणि खळेही तेथून फार लांब नसते. याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होऊन पुढे काही महिने चालतो. उसाच्या चिपाडांवर चालणाऱ्या बॉयलरांच्या धुराड्यांतील राख, उसाच्या गाड्यांनी उडविलेली कच्च्या रस्त्यांवरील धूळ आणि फडात पाचट पेटविल्याने उडणारी काळी काजळी या तिन्हींचा मारा परिसरातील छतांवर व शेतांवर होतो.

डिसेंबर-जानेवारीत दव पडते. रात्री पॅनेलची काच हवेपेक्षाही थंड होते व तिच्यावर दवाचे पाणी जमते. सकाळी ऊन चढले की पाणी आटते, परंतु धुळीतील विरघळलेले क्षार मागे राहून कणांना काचेशी सांधतात. काळ्या मातीतील चिकण अंश तर ओलाव्याने फुगणारा व वाळल्यावर घट्ट बसणारा आहे. भिंत सारवावी तसा हा थर काचेवर दिवसागणिक चढत जातो. असा थर नुसत्या वाऱ्याने निघत नाही.

फेब्रुवारी ते मे हा काळ सर्वांत कठीण होय. हरभरा व रब्बी ज्वारीची मळणी, त्यामागून नांगरट, उघडी पडलेली राने, वावटळी आणि महामार्गांवरील वाहतूक यांनी हवा धुळीने भरलेली असते. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव व येडशी या भागांतून, तर पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग व उमरगा भागांतून जातो. रस्त्यालगतच्या छतांवर या वाहतुकीची धूळ व धूर दोन्ही बसतात. आणि नेमके याच महिन्यांत ऊन सर्वाधिक असते, पिकाला व गावाला पाण्याची निकडही सर्वाधिक असते. म्हणजे ज्या दिवसांत पॅनेलने सर्वाधिक कमवावे, त्याच दिवसांत ते धुळीखाली झाकलेले असते.

थेंबभर घाण, पॅनेलभर तोटा

सर्वत्र सारखी पसरलेली धूळ आणि एका जागी साचलेली घाण या दोहोंचा परिणाम वेगवेगळा असतो. पॅनेलमधील सौरघट एकसर जोडणीने, म्हणजे माळेतील मण्यांप्रमाणे, जोडलेले असतात. एकसर जोडणीत सर्व घटांतून एकच प्रवाह वाहतो. त्यामुळे एका घटावर कबुतराची विष्ठा, चिकटलेले पान किंवा चिखलाचा डाग पडला तर त्या एका घटाचा क्षीण प्रवाह साऱ्या माळेला आपल्या पातळीवर ओढतो. शिवाय झाकलेला घट वीज निर्माण करण्याऐवजी ती खाऊ लागतो व तापतो. असा घट दीर्घकाळ तापत राहिल्यास तो करपून कायमचा निकामी होण्याचा संभव असतो.

हे टाळण्यासाठी पॅनेलच्या मागील पेटीत बायपास डायोड बसविलेले असतात. नेहमीच्या पॅनेलमध्ये घटांच्या तीन माळा व तीन डायोड असतात. एखादी माळ अडली की डायोड प्रवाहाला बाजूने वाट करून देतो. घट वाचतो, परंतु त्या माळेची, म्हणजे पॅनेलच्या एकतृतीयांश भागाची, वीज बुडते.

यातून एक व्यवहारोपयोगी गोष्ट निघते. पॅनेल उतारावर असल्यामुळे धूळ ओघळून खालच्या कडेशी, चौकटीच्या काठाला साचते व तेथे बोटभर रुंदीचा पट्टा तयार होतो. पॅनेल उभे बसविले असेल तर हा पट्टा तिन्ही माळांच्या टोकाच्या घटांवर येतो आणि जवळजवळ सारे पॅनेल अडते. तेच पॅनेल आडवे बसविले असेल तर पट्टा एकाच माळेवर येतो व दोनतृतीयांश वीज शाबूत राहते. अर्ध्या आकाराचे घट वापरलेल्या नव्या पॅनेलांत वरचा व खालचा भाग स्वतंत्र असल्याने हा तोटा बराच कमी होतो. पॅनेल कोणत्याही जातीचे असो, पुसताना वरचा भाग चकचकीत करून खालची कड तशीच सोडणे म्हणजे निम्म्याहून अधिक श्रम वाया घालविणे होय.

पंप, दिवा आणि शाळा

धुळीचा हा तोटा विजेच्या मीटरवर युनिटांत दिसतो. सौर पंपावर तो पाण्यात दिसतो. येथे एक बारकावा आहे. विहिरीतील पाणी वर चढविण्यासाठी पंपाला किमान ठरावीक वेग गाठावाच लागतो. त्या वेगाखाली पंप फिरत राहिला तरी पाणी वर येत नाही. पॅनेल मळलेले असेल तर हा वेग सकाळी उशिरा गाठला जातो आणि दुपारी लवकर सुटतो. म्हणून वीज पंधरा टक्क्यांनी घटली असता पाणी त्याहून अधिक प्रमाणात घटू शकते. विंधन विहिरीत पाणी जितके खोल, तितका हा परिणाम ठळक. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलेले असते व पॅनेलवर धूळ असते. अशा वेळी ‘पंपाची ताकद गेली’ अशी तक्रार होते. तक्रार नोंदविण्यापूर्वी पॅनेल स्वच्छ करून पाहिल्यास पुष्कळदा निराकरण जागेवरच होईल. योजनेतून मिळालेल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विम्याचे संरक्षण असते. परंतु पॅनेल पुसणे हे नित्याचे काम असून ते वापरणाऱ्याच्याच हाती असते.

ग्रामपंचायतीचे सौर पथदिवे ही याहून उपेक्षित बाब होय. खांबाच्या टोकावरील लहान पॅनेलकडे एकदा दिवा लागल्यावर कोणी वळून पाहत नाही. धुळीमुळे दिवसा बॅटरी पुरती भरत नाही आणि दिवा मध्यरात्रीच मालवतो. अर्धवट भरलेल्या स्थितीत दीर्घकाळ राहिलेली शिसे-आम्ल बॅटरी लवकर खराब होते. पॅनेल पुसण्याच्या काही मिनिटांच्या कामाअभावी बॅटरीचा हजारो रुपयांचा खर्च ग्रामपंचायतीवर पडतो, आणि दोष मात्र सौर दिव्यांना दिला जातो.

किती दिवसांनी पुसावे?

या प्रश्नाचे उत्तर थोड्या हिशेबाने मिळते. एका शाळेच्या छतावर 5 किलोवॉटचा संच आहे असे समजू. एक किलोवॉटमागे दिवसाला सुमारे 4 युनिट या नेहमीच्या अंदाजाने तो रोज 20 युनिट वीज देईल. कोरड्या हंगामातील साठ दिवसांत 1,200 युनिट. धुळीमुळे रोज 0.4 टक्का घट वाढत जाते असे उदाहरणादाखल धरू. साठ दिवस पुसलेच नाही तर शेवटच्या दिवशी घट 24 टक्के, तर साठ दिवसांची सरासरी 12 टक्के होईल. म्हणजे 144 युनिट बुडतील. दर महिन्याला पुसले तर सरासरी घट 6 टक्के, म्हणजे 72 युनिट. दर दहा दिवसांनी पुसले तर सरासरी 2 टक्के, म्हणजे अवघे 24 युनिट.

महिन्याऐवजी दहा दिवसांवर आल्याने 48 युनिट वाचतात व त्यासाठी चार वेळा अधिक पुसावे लागते. म्हणजे प्रत्येक वेळेमागे 12 युनिट. घरच्या किंवा शाळेच्या माणसांनी हे काम केले तर ते निश्चित परवडते. मजुरी देऊन करून घ्यावयाचे झाल्यास एका वेळचा खर्च 12 युनिटांच्या किमतीपेक्षा कमी आहे की अधिक, हे ज्याचे त्याने पाहावे. गाव, ऋतू व धुळीनुसार आकडे बदलतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

आपल्या गावची घट किती, हे शोधणेही अवघड नाही. लागोपाठच्या दोन निरभ्र दिवसांची मीटरवरील युनिटे लिहून ठेवावीत. पहिला दिवस पुसण्यापूर्वीचा, दुसरा पुसल्यानंतरचा. दोहोंतील फरक म्हणजे त्या दिवसापर्यंत साचलेल्या धुळीची किंमत होय. शाळांमध्ये हाच विषय प्रयोगरूपाने घेता येईल. सारख्या आकाराच्या दोन काचा घ्याव्यात. एक छतावर उतरती ठेवावी, दुसरी कपाटात. दर शनिवारी भर दुपारी एका छोट्या पॅनेलवर आळीपाळीने दोन्ही काचा धरून प्रवाहमापकावरील नोंद घ्यावी. दोन महिन्यांत विद्यार्थ्यांच्या वहीत आपल्या गावच्या धुळीचा आलेख तयार होईल आणि विज्ञानाच्या तासाला गावाच्या व्यवहाराची जोड मिळेल.

पाण्याचा प्रश्न

पॅनेल धुण्यास पाणी लागते, आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात पाण्याचा उल्लेख सहजपणे करता येत नाही. 1972 चा दुष्काळ येथील वृद्धांच्या स्मरणात आहे. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तर अलीकडचेच. तेव्हा विजेसाठी पाणी खर्चावे काय, हा प्रश्न ग्रामसभेत उपस्थित झाला तर तो रास्तच मानला पाहिजे.

त्याचे उत्तरही आकड्यांनीच द्यावे लागेल. एका पॅनेलला काटकसरीने सुमारे 2 लिटर पाणी पुरते. शाळेच्या 5 किलोवॉट संचात 500 वॉटची दहा पॅनेले असतील तर एका वेळेस 20 लिटर, म्हणजे दोन घागरी पाणीही लागणार नाही. शेतकऱ्याच्या पंपाचेही तसेच. मोठ्या प्रकल्पाची गोष्ट वेगळी आहे. 1 मेगावॉटच्या प्रकल्पात अशी 2,000 पॅनेले असतात. एका धुण्यास 4,000 लिटर आणि पंधरा दिवसांतून एकदा याप्रमाणे आठ कोरड्या महिन्यांत 64,000 लिटर पाणी लागेल. जल जीवन मिशनच्या दरडोई 55 लिटर या प्रमाणाने हजार वस्तीच्या गावाची एका दिवसाची गरज 55,000 लिटर आहे. म्हणजे एका मेगावॉटच्या प्रकल्पाचे वर्षभराचे धुणे हे अशा गावाच्या एका दिवसाच्या पाण्याहून थोडे अधिक भरते. हे प्रमाण भीतिदायक नाही; परंतु प्रकल्प अनेक मेगावॉटांचा असेल आणि गावाला टँकर चालू असेल, तर ते नगण्यही नाही. माळरान भाडेपट्ट्याने देताना जागेचा मोबदला व रोजगार यांची चर्चा होते. धुण्याचे पाणी कोठून आणणार, उन्हाळ्यात कोणत्या स्रोताला हात लावणार नाही आणि पावसाचे पाणी साठविण्याची काय व्यवस्था करणार, हे प्रश्नही पंचायत सदस्यांनी त्याच बैठकीत विचारावेत.

पाण्याविना स्वच्छतेचे मार्गही पुढे येत आहेत. राजस्थानातील फलोदी जिल्ह्यातील भडला येथे 2,245 मेगावॉटचे सौर उद्यान वाळवंटात उभे असून तेथे कोरड्या कुंच्यांनी पॅनेले झाडणारे यंत्रमानव वापरात आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2022 मध्ये स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने धूळ झटकून टाकण्याची रीत मांडली. जगभरात पॅनेले धुण्यासाठी वर्षाला सुमारे 10 अब्ज गॅलनपर्यंत पाणी खर्ची पडते, असा अंदाजही त्यांनी त्या वेळी दिला होता. ही साधने गावपातळीवर येण्यास वेळ लागेल; तोवर काटकसर हाच मार्ग.

योग्य रीत

स्वच्छतेची वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची असावी. भर दुपारी काच अतिशय तापलेली असते. तिच्यावर थंड पाणी ओतल्यास ती तडकण्याचा संभव असतो आणि पाणी लगेच वाळून डाग राहतात. शिवाय ऊन असताना पॅनेले वीज निर्माण करीतच असतात. पंपाच्या संचातील दिष्ट प्रवाहाचा दाब शेकडो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो व कळ बंद केल्यानेही पॅनेलमधील वीज उन्हात थांबत नाही. म्हणून प्रथम कंट्रोलर किंवा इन्व्हर्टर बंद करावा आणि अंधुक उजेडाच्या वेळी काम उरकावे. पहाटे दव पडले असेल तर ते ओलेपण मऊ फडक्याने पुसून घेतल्यास पाणी जवळजवळ लागतच नाही. दवच धूळ चिकटविते आणि दवच ती सोडविण्यास मदत करते. पाहावयाची ती केवळ वेळ.

पाणी शक्यतो मऊ असावे. खोल विंधन विहिरीचे जड पाणी वापरल्यास काचेवर क्षारांचे पांढरे डाग पडतात व तेही धुळीप्रमाणेच प्रकाश अडवितात. असे पाणी वापरणे भाग असेल तर ते काचेवर वाळू न देता रबरी पट्टीने लगेच ओढून घ्यावे. पावसाळ्यात छताचे पाणी एखाद्या टाकीत साठविल्यास शाळेचे काम त्यावर बरेच दिवस भागेल. कपडे धुण्याची पूड, राख, माती किंवा तारेचा चोथा यांचा वापर मुळीच करू नये. काचेवर चरे पडतात आणि एकदा पडलेला चरा धुऊन जात नाही. पक्ष्यांची विष्ठा कोरडी खरवडण्याऐवजी ओले फडके थोडा वेळ ठेवून भिजवावी. पॅनेलवर पाय देऊ नये, काच फुटलेल्या पॅनेलला ओल्या हाताने स्पर्श करू नये, आणि लांब लोखंडी दांड्याचा झाडू वरून जाणाऱ्या तारांजवळ नेऊ नये. छतावरील काम विद्यार्थ्यांकडून करून घेऊ नये, हे वेगळे सांगावयास नको.

धूळ पुसण्याइतकेच तिला अडविणेही महत्त्वाचे आहे. नव्याने पॅनेल बसविताना खळे, कच्चा रस्ता, वीटभट्टी व खडी केंद्र यांपासून जागा शक्य तितकी दूर निवडावी. धाराशिव जिल्हा सुमारे 18 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने दक्षिणेकडे तेवढ्याच सुमाराचा उतार वर्षभरासाठी योग्य ठरतो. पॅनेल अगदी सपाट टाकल्यास धूळ व पाणी दोन्ही साचतात. सावली पडणार नाही अशा बेताने वाऱ्याच्या दिशेला झाडांची ओळ लावावी. मळणीयंत्र लावताना वाऱ्याचा रोख पाहावा. ऊस तुटल्यावर पाचट न पेटविता सरीत कुजू दिल्यास जमिनीला खत मिळेल आणि शेजाऱ्याच्या पॅनेलवर काजळी बसणार नाही.

जबाबदारीची नोंद

या सर्व गोष्टी साध्या आहेत. अवघड आहे ते त्यांचे सातत्य. पंप खाजगी असल्याने शेतकरी त्याची काळजी घेतो. सार्वजनिक संचाचे तसे होत नाही. शाळेचे पॅनेल पुसणे हे शिक्षकांचे काम की पंचायतीचे, पथदिव्यांचे पॅनेल कोणी पाहावयाचे, अंगणवाडीचे कोणी, हे ठरलेले नसले की ते कोणाचेच राहत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीने गावातील सर्व सौर संचांची एक नोंदवही ठेवावी. संच कोठे आहे, केव्हा बसविला, हमीची मुदत कधी संपते, स्वच्छता कोणी करावयाची आणि मागील वेळी ती कोणत्या तारखेला झाली, एवढे पाच रकाने पुरेसे आहेत. ऑक्टोबर ते मे या काळात मासिक सभेत ही वही एकदा वाचली गेली तरी पुष्कळ कार्य होईल.

सौर संचावरील खर्च हा बहुतांशी आरंभीच होऊन जातो. पुढे ऊन फुकट मिळते. त्या फुकट मिळणाऱ्या उन्हाचे पुरते मोल पदरात पडावे की त्यातील दहावा-पाचवा हिस्सा काचेवरच अडून राहावा, हे मोठ्या यंत्रणेवर अवलंबून नाही. ते मऊ फडके, दोन घागरी पाणी आणि वेळच्या वेळी केलेली नोंद यांवर अवलंबून आहे. ज्या जिल्ह्याने पाण्याचा थेंब राखण्याची शिस्त दुष्काळातून शिकून घेतली, त्याला उन्हाचा किरण राखण्याची शिस्त जड जाण्याचे कारण नाही.